पहिली उतरण

नऊ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी संयोगिता चौगलेने खारेवाडीच्या थांब्यावर परतीच्या फेरीसाठी कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला. पडद्यावर रोजच्या हिरव्या खुणेऐवजी लाल अक्षरं आली : परवाना स्थगित. वाहन सुरू होणार नाही. कारण – हस्तनोंद, वर्ग तीन.

मिनीबसमध्ये चौदा प्रवासी बसलेले होते. मागून एक आरोग्यसेविका म्हणाली, "काय गं संयू, चार्जिंग संपलं काय?"

"चार्जिंग हाय. मीच संपले," संयोगिता म्हणाली.

तिच्या डाव्या बाजूच्या सीटवर बाबालाल नदाफ बसले होते. सदुसष्ट वर्षांचे, एकतीस वर्षं घाटात गाडी चालवलेले, आता निवृत्त. पाळंद स्टँडवर कुणी बाईमाणसाला चालवायला शिकवत नव्हतं तेव्हा त्यांनी तिला शिकवलं होतं, म्हणून ती त्यांना उस्ताद म्हणे. ते पुढे वाकले, चष्मा वर करून अक्षरं वाचली आणि पडद्यावर बोटाने टकटक केली.

"वर्ग तीन म्हंजे कंपवात. तुला? चौतीस वर्षाच्या पोरीला? यंत्र खुळं झालंय."

प्रवासी दुसऱ्या गाडीने वर गेले. उस्ताद आणि संयोगिता त्याच गाडीत मागे उभे राहून गेले.

हस्तनोंदीचं यंत्र म्हणजे स्टिअरिंगच्या चामड्याखाली बसवलेली एक पातळ धातूची पट्टी. ड्रायव्हर तिला कडं म्हणतात. रस्ता सरळ असला तरी माणूस चाक कधी स्थिर धरत नाही. मिनिटाला तीस-चाळीस वेळा तो केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहतो आणि हे त्याला स्वतःला कळत नाही. कडं या प्रत्येक हालचालीचा जोर आणि वेळ टिपतं. कंपवातात मेंदूतल्या ठरावीक पेशी मरत जातात. हात दिसण्याइतका थरथरू लागतो तेव्हा त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी आधीच गेलेल्या असतात. पण त्याच्या चार-पाच वर्षं आधी चाकावरच्या त्या केसभर हालचाली बदलतात. त्या उशिरा येतात, एकदम दोन-तीन मिळून येतात आणि त्यांच्या तळाशी सेकंदाला पाच वेळा उठणारी एक बारीक लहर असते. डोळ्यांना ती दिसत नाही, डॉक्टरच्या तपासणीतही सापडत नाही. कड्याला सापडते.

कायदा झाला त्यालाही कारण होतं. सहा वर्षांपूर्वी एका घाटात बस दरीत गेली आणि एकतीस माणसं मेली. चालकाकडे दोन महिन्यांपूर्वीचं निरोगी असल्याचं प्रमाणपत्र होतं. त्यानंतर आलेल्या नियमांत स्पष्ट लिहिलं गेलं, की हस्तनोंदीविरुद्ध वैद्यकीय प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जाणार नाही. वर्ग तीनची नोंद झाली की परवाना स्थगित, आणि एकवीस दिवसांत अपील केलं नाही तर कायमचा रद्द.

संयोगिताने तरीही मेंदूच्या डॉक्टरला दाखवलं. त्याने तिला बोटं आपटायला लावली, सरळ रेषेत चालवलं, आणि ती ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. तो कागद घेऊन ती कोल्हापूरला इंदुमती हुक्केरी यांच्याकडे गेली. हुक्केरी वकीलबाई गेली चार वर्षं फक्त परवान्याचीच अपिलं चालवत होत्या. त्यांनी कागद न वाचता परत दिला.

"हा जपून ठेवा. मनाला बरं वाटेल. मंडळापुढे त्याचा उपयोग नाही."

"मग उपयोग कशाचा हाय, मॅडम?"

"दोनच बचाव आहेत. एक, कडं बिघडलेलं होतं. दुसरा, चाकावरचे हात तुमचे नव्हते. पहिला आधी बघू."

कडं तपासायला गेलं आणि निर्दोष ठरून परत आलं. अठरा फेब्रुवारीला वकीलबाईंनी तिला पुन्हा बोलावलं. टेबलावर तीन महिन्यांच्या नोंदीची लांबलचक पट्टी पसरली होती.

"हे बघा. पाळंद सोडल्यापासून घाटमाथ्यापर्यंत स्वच्छ. घाट उतरायला लागलात की लहर. अकरा किलोमीटर. खाली खारेवाडीला पोचलात की पुन्हा स्वच्छ. खात्याचं म्हणणं, ताणाच्या रस्त्यावर लक्षण वर येतं. आता दुपारची फेरी बघा. तोच घाट, तीच वळणं. काही नाही. तिन्ही महिन्यांत लहर फक्त सकाळच्या पहिल्या उतरणीला आहे. चौऱ्याहत्तर फेऱ्या, चौऱ्याहत्तर वेळा."

संयोगिता पट्टीकडे बघत राहिली.

"सकाळी घाट कोण उतरवतं?" वकीलबाईंनी विचारलं.

"मीच."

"चौगले, मी तुमची वकील आहे. खोटं मंडळापुढे बोलायचं असतं. तेसुद्धा मी सांगेन तेव्हा."

संयोगिता हसली नाही. तिला उत्तर पट्टी बघतानाच कळलं होतं.

पाळंद स्टँडवरची रीत अशी होती, की पहिली उतरण उस्तादाची. शिकलेला माणूस स्वतःच्या परवान्यावर कितीही वर्षं चालवो, ज्याने शिकवलं तो हयात आणि धडधाकट असेल तोवर दिवसाची पहिली उतरण त्याच्या हातात द्यायची. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं आणि कुणी मोडलेलंही नव्हतं. घाटमाथ्यावर दोन मिनिटं गाडी थांबे, ड्रायव्हर डावीकडे सरके, उस्ताद चाकावर बसत. प्रवाशांना ते इतकं सवयीचं होतं की कुणी मान वर करून बघत नसे.

यंत्राला ते दिसलं नाही, कारण गाडी बंद होत नव्हती. चेहऱ्याची तपासणी फक्त गाडी सुरू करताना होई. दिवसभर कॅमेरा तोंडासमोर नको म्हणून ड्रायव्हरांच्या संघटनेनेच कोर्टात भांडून तसा निकाल मिळवला होता. आणि घाटमाथ्यावर इंजिन बंद करायचं नाही, हे जुन्या डिझेल बसच्या काळापासून हाडात भिनलेलं होतं. तेव्हा इंजिन थांबलं तर ब्रेकची हवा उतरायची भीती असे. बॅटरीच्या गाडीला ती भीती नव्हती. तरीही घाटमाथ्यावर कुणाचा हात बटणाकडे गेला नव्हता.

"त्यांचं वय?" वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं.

"सदुसष्ट."

"प्रवासी वाहनाचा बॅज?"

"पासष्टाला संपला. सादा परवाना हाय."

"म्हणजे तुमच्यावर ठपका येईल. दुसऱ्याच्या हाती चाक दिल्याचा. पंधरा दिवसांची स्थगिती, ती तुम्ही भोगत आलाच आहात. परवाना परत मिळेल. त्यांचा जाईल, नोंद त्यांच्या नावावर चढेल."

"आणि मी काहीच बोलले न्हाई तर?"

"तर नोंद तुमची. वर्ग तीन आनुवंशिक धोक्यात मोडतो. मुलगी आहे ना तुम्हाला?"

"ओवी. नऊ वर्षाची."

"तिच्या नावापुढे आत्ताच खूण लागेल. अठराव्या वर्षी तिला परवाना हवा असेल तर आधी पाच वर्षांची देखरेख. एक बाई होत्या माझ्याकडे, त्यांच्या मुलाला वैमानिकीच्या अर्जातच थांबवलं. नोंद आईची होती, ती चुकीची निघाली. तोवर त्याचं वय उलटलं होतं."

बाहेर कुणीतरी पायऱ्या चढत होतं. वकीलबाईंनी पट्टीची घडी घातली.

"अजून एक सांगते, नीट ऐका. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही. त्यांना या नोंदीचा अर्थ कळला, तर गप्प बसायचा हक्क त्यांना आहे. आणि सकाळची उतरण त्यांची होती हे त्यांच्या तोंडून आलं नाही, तर प्रवाशांच्या सांगण्याला मंडळ विचारत नाही. मी दोनदा करून बघितलंय. ते साक्षीला आले आणि नुसतं 'घाट मी उतरवतो' एवढं म्हणाले तरी पुरे. त्यांना अर्थ समजावून सांगायला मी बांधील नाही. कायद्याने तुम्हीही नाही."

"तुम्ही काय केलं असतं?"

"मला लोक हे रोज विचारतात," वकीलबाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

चार दिवस संयोगिता घरी होती. ओवीने दोनदा विचारलं, आई तू आजारी आहेस का. शाळेत कुणीतरी तिला सांगितलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं नाही; आई चहा गाळत असताना तिच्या हाताकडे बघत उभी राहिली. बावीस तारखेला, रविवारी दुपारी, संयोगिता उस्तादांच्या घरी गेली. त्यांना सगळं सांगायचं ठरवून गेली होती.

बाबालाल अंगणात चटईवर बसून गादी शिवत होते. पिंजारकाम हा घराण्याचा धंदा. ड्रायव्हर झाले तरी सुटीत ते गाद्या भरत आणि निवृत्तीनंतर गावातल्या निम्म्या गाद्या त्यांच्या हातच्या होत्या. तिला बघून त्यांनी दाभणात नवा दोरा घातला. पहिल्या फटक्यात गेला.

"बस. काय म्हणती तुझी वकिलीण?"

"कड्यात दोष न्हाई म्हणाली."

"दोष त्यांच्या डोक्यात हाय. आपल्या स्टँडवरल्या त्या शिवा भोपळ्याचं काय केलं बघितलंस नव्हं? वर्ग तीनचा कागद आला तेव्हा गडी बैलावानी होता. स्टँडवर दुसऱ्या दिवसापासनं त्याला अर्धा कप चहा द्यायला लागले. सांडायच्या आधीच! बायको शर्टाची बटणं लावून द्यायला लागली. आठ महिन्यांत म्हातारा झाला. रोगानं न्हवं, लोकांनी केला." त्यांनी टाका ओढून गाठ मारली. "चार वर्षं आधी सांगून काय मिळवतात गं? औषध हाय का त्याच्यावर?"

"थांबवायचं न्हाई अजून."

"मग? मला कुणी असलं सांगायला आलं तर मी दारातनंच हाकलीन. जवा हात हालंल तवा बघू म्हणीन."

संयोगिताने चटईवरचा कापूस गोळा केला, पुन्हा पसरला. आत्ता सांगितलं तर काय होईल हे तिला दिसत होतं. ते दाभण खाली ठेवतील. उठून आत जातील. कदाचित साक्षीला येतील, कदाचित येणार नाहीत. त्या दुसऱ्या कदाचितपाशी ती अडली होती.

"उस्ताद, एक साक्ष लागंल तुमची."

"कसली?"

"सकाळची उतरण तुम्ही करता, एवढंच. चाकावर मी नव्हते म्हटल्यावर माझा कागद सुटतो."

"हात्तिच्या! एवढंच? मग पंधरा दिवस गप का बसलीस?" ते मोठ्याने हसले. "बॅज न्हाई म्हणून दंड करतील मला. करू देत. सांगतो की. त्यात लाजायचं काय? पण मला सांग, त्या नोंदीत नेमकं काय हाय?"

"यंत्राचं काहीतरी. वकीलबाईंना कळतं."

ती हे बोलली तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही. ते गादीचा कोपरा नीट करत होते.

"इस्त्रीचा शर्ट घालू का कोट?" त्यांनी विचारलं.

तीन मार्चला अपील मंडळापुढे सुनावणी झाली. खोली लहान होती. समोर अध्यक्ष देशिंगकर, निवृत्त न्यायाधीश. डावीकडे खात्याचा प्रतिनिधी, एक तरुण अधिकारी. बाबालाल कोट घालून आले होते. साक्षीला उभं राहायला सांगितल्यावर ते खुर्चीला न टेकता ताठ उभे राहिले.

"सकाळच्या फेरीत घाटात वाहन कोण चालवतं?" वकीलबाईंनी विचारलं.

"मी. पहिली उतरण उस्तादाची, ही आमच्याकडची रीत हाय, साहेब."

खात्याचा अधिकारी उठला. "नोव्हेंबर ते जानेवारी, सगळ्या फेऱ्यांत?"

"एक सोडली न्हाई."

"एखाद्या दिवशी अर्जदाराने उतरवली असेल. ताप आला, पाऊस आला..."

"ताप आला तर मी येतोच. तिला विचारा. तिच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीपण पहिली उतरण मीच केली, हिनं न्हाई." खोलीत कुणीतरी हसलं. बाबालाल खुलले. "त्या अकरा किलोमीटरात सकाळी माझ्याशिवाय दुसऱ्याचा हात चाकाला लागत न्हाई. लिहून घ्या."

"प्रवाशांना घेऊन, बॅज नसताना?"

"ती माझी चूक. शिक्षा द्या."

"तुमची प्रकृती?"

"दगड हाय."

अधिकाऱ्याने अध्यक्षांकडे बघितलं आणि खाली बसला. जबानी छापून आली. बाबालालनी ती वाचली, दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि सही केली. संयोगिता त्यांच्या मागे दोन हातांवर बसली होती. तिला उठून उभं राहता आलं असतं. सही व्हायला बराच वेळ लागला, कारण ते प्रत्येक पानावर करत होते, आणि पानं चार होती.

अध्यक्षांनी आदेश सांगायला सुरुवात केली. लघुलेखिका टिपत होती. अर्जदाराची हरकत मान्य. अर्जदाराच्या नावावरील वर्ग तीनची नोंद वगळण्यात येते. परवाना आजपासून पूर्ववत. तिच्या अपत्याच्या नावे खूण करण्यात येऊ नये. "साक्षीदाराने दिलेल्या स्पष्ट व निःसंदिग्ध जबानीवरून सदर चौऱ्याहत्तर फेऱ्यांतील हस्तनोंद साक्षीदाराची असल्याचे सिद्ध होते. सबब कंपवात, पूर्वावस्था, वर्ग तीन, ही नोंद साक्षीदार बाबालाल इमामसाहेब नदाफ यांच्या नावे..."

"साहेब," बाबालाल म्हणाले. "नाव चुकलं जणू."

अध्यक्ष थांबले.

"माझं नाव घेतलंत. रोगाच्या पुढं."

लघुलेखिकेने हात उचलून घेतले. अध्यक्षांनी आधी बाबालालकडे आणि मग वकीलबाईंकडे बघितलं.

"यांना कुणी सांगितलं नव्हतं?"

"तशी तरतूद नाही, सर," वकीलबाई म्हणाल्या.

"तरतूद मी विचारली नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुन्हा लावला आणि उरलेला आदेश हळू आवाजात पूर्ण केला. बाबालाल तो उभ्यानेच ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला, तो शेवटपर्यंत बाहेर काढला नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात बाकड्यावर ते बसले. संयोगिता समोर उभी राहिली.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कवापासनं?"

"अठरा तारखेपासनं."

"म्हंजे गादी शिवत होतो तेव्हा होतं."

"हो."

खालून कुणीतरी फायलींचा गठ्ठा घेऊन वर आलं आणि त्यांच्यामधून गेलं.

"सांगायला आले होते, उस्ताद. तुम्ही शिवा भोपळ्याचं काढलंत आणि..."

"माझ्यावर नको घालूस."

"ओवीवर खूण लागत होती."

"मग ते सांगायचंस. ओवीवर खूण लागतीया, उस्ताद, तुमच्यावर घ्या. असं म्हणायचंस." ते आवाज न चढवता बोलत होते. "सांगितलं असतंस तर मी आलो असतो का?"

"आला असता."

"एवढी खात्री होती तर सांगितलं का न्हाईस?"

संयोगिता बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"मलापण खात्री न्हाई," बाबालाल म्हणाले. "आलो असतो, न्हाईतर घाबरून दार लावून बसलो असतो. काय केलं असतं ते आता मला मरेपर्यंत कळायचं न्हाई. परवाना गेला त्याचं एवढं न्हाई. त्याची काय, तीनच वर्षं राहिली होती."

ते उठले, कोट नीट केला आणि जिना उतरून गेले. दोघांनी बरोबरच परत जायचं सकाळी ठरलं होतं. ते फाटकाबाहेर एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले.

दहा मिनिटांनी मंडळाच्या कारकुनाने आदेशाच्या दोन प्रती आणून दिल्या. एक अर्जदाराची, एक साक्षीदाराची. "तुम्ही एकाच गावचे ना? त्यांची त्यांना द्या आणि इथे त्यांची सही आणा," तो म्हणाला. संयोगिता प्रत घेऊन धावत खाली गेली. एसटी लागलेली होती. बाबालाल खिडकीशी बसले होते. तिने कागद वर धरला. त्यांनी तो बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि खिडकीची काच ओढून घेतली. गाडी सुटेपर्यंत ती तशीच उभी होती.

वर येऊन तिने प्रत कारकुनाच्या टेबलावर ठेवली.

"घेतली नाही?"

"न्हाई."

त्याने नोंदवही उघडली आणि साक्षीदाराच्या सहीच्या जागी 'घेण्यास नकार' असं लिहिलं. शेजारी कारणाचा रकाना होता.

"कारण काही सांगितलं का त्यांनी? नसेल तर रिकामा सोडतो."

"सोडू नका," संयोगिता म्हणाली. "लिहा, मी द्यायला गेले म्हणून."